देशी कंपनीची मोटार की परदेशी कंपनीची? नागपुरात गाडी निवडताना काय तपासावे

‘देशी कंपनीची गाडी दणकट असते, पण कटकटी फार,’ हे वाक्य गाडी घ्यायला निघालेल्या माणसाला नागपुरात हमखास ऐकवले जाते. त्यात तथ्य किती हे ठरवायचे असेल, तर देशी कंपन्या मागे का पडल्या हे आधी समजून घ्यावे, म्हणजे गाडीत नेमके कुठे बोट ठेवायचे तेही कळते.

आपल्या अभियंत्यांची कुवत कमी पडली, असे मला मुळीच वाटत नाही. परवाना पद्धतीच्या काळात किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवीत असे आणि ग्राहक नंबर लावून वर्षानुवर्षे थांबत असे. ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली अ‍ॅम्बेसेडर मूळ ढाच्यात फारसा बदल न होता 2014 पर्यंत बनत राहिली. माल कसाही असला तरी खपणार, अशी खात्री असल्यावर दाराच्या फटीवर किंवा गिअरच्या खडखडाटावर मेहनत घेण्याचे कारण कारखान्याला उरत नाही. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली, तेव्हा सुझुकीने जपानमध्ये पारखलेल्या आराखड्याबरोबर सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांना मोजमापाची शिस्त लावण्याची पद्धतही आणली. पुढे 1993 मध्ये मोटारनिर्मितीवरील परवान्याचे बंधन उठले आणि ज्यांना स्पर्धेची सवयच नव्हती त्यांच्यासमोर कसलेले प्रतिस्पर्धी उभे राहिले. शिवाय नवे मॉडेल घडवण्याचा खर्च परदेशी कंपनी अनेक देशांतल्या विक्रीवर विभागते; देशी कंपनीला तो बहुतांशी इथल्याच ग्राहकांकडून वसूल करावा लागतो.

1998 च्या अखेरीस आलेली टाटांची इंडिका हे धाडसाचे काम होते, परंतु सुरुवातीच्या गाड्यांबद्दल तक्रारी आल्या आणि दुरुस्त्या करून 2001 मध्ये इंडिका व्ही-2 आणावी लागली. म्हणून कंपनी कोणतीही असो, अगदी नवे मॉडेल पहिल्या वर्षी घेऊ नये, असा माझा आग्रह आहे. एकेकाळी मारुतीची स्विफ्ट आणि टाटांची इंडिका व्हिस्टा या दोन्हींच्या डिझेल गाड्यांत फियाटचे 1.3 लिटर इंजिन होते, हेही ध्यानात ठेवावे. इंजिन तेच असूनही लोकमत वेगळे होते, कारण फरक जोडणीत आणि विक्रीनंतरच्या सेवेत पडतो. तपासणीही तिथेच करावी.

गाडी शोरूमच्या दिव्यांखाली न पाहता बाहेर उजेडात काढायला सांगावी. बॉनेट आणि मडगार्ड यांच्या मधल्या फटीवरून बोट फिरवत जावे. ती पुढे बारीक आणि मागे रुंद होत असेल, किंवा डावीकडची व उजवीकडची सारखी नसेल, तर जोडणीत कसूर आहे. मग एक काच थोडी खाली घेऊन चारही दारे सारख्याच हलक्या जोराने लावून पाहावीत. एखादे दार पुन्हा ढकलावे लागले, तर बिजागरी किंवा रबर नीट बसलेले नाही असे समजावे.

चाचणी फेरी भर दुपारी घ्यावी. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांवर जातो; गाडी उन्हात तापू द्यावी, चार माणसे बसवून एसीसह सेमिनरी हिल्सचा चढ चढावा आणि वर्धा रोडच्या सिग्नलवर थांबले असताना थंडावा टिकतो का, हे पाहावे. समृद्धी महामार्गावर ताशी 120 किलोमीटर वेगाची मुभा असल्याने धडक-चाचणीचे तारेही विचारावेत. या बाबतीत देशी कंपन्यांनी खरोखर मान उंचावणारे काम केले आहे: 2018 मध्ये धडक-चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेचे पाच तारे मिळवणारी भारतात बनलेली पहिली मोटार टाटांची नेक्सॉन होती.

सेवेची परीक्षा विक्रेत्याच्या बोलण्यावरून होत नाही. सकाळी सर्व्हिस सेंटरवर जाऊन गाडी द्यायला आलेल्या दोघा-तिघांशी बोलावे; तीच तक्रार घेऊन पुन्हा यावे लागले का, एवढे विचारले तरी पुरे. क्लच प्लेट, हेडलाइट आणि पुढचा बंपर यांचे दर लेखी मागावेत. परदेशी नावावरही डोळे मिटून विसंबू नये. जनरल मोटर्सने 2017 मध्ये भारतातील विक्री थांबवली, फोर्डने 2021 मध्ये इथले उत्पादन बंद करण्याची घोषणा केली, आणि असे निर्णय दूरच्या मुख्यालयात होतात. ज्या कंपनीची इथे एक-दोनच मॉडेल्स खपतात, तिच्या बाबतीत सुट्या भागांची चौकशी अधिक कसून करावी.

ताबा घेण्यापूर्वी चासी नंबर कागदांशी ताडून पाहावा. तो ‘एमए’ ते ‘एमई’ यांपैकी अक्षरांनी सुरू होत असेल, तर नाव कोरियन असो की जपानी, गाडी भारतात बनलेली आहे. उत्पादनाचा महिना आणि वर्षही विचारून घ्यावे आणि गाडी बरेच महिने आवारात पडून असेल तर दुसरी मागावी. हे सारे आरटीओच्या नोंदणीआधीच करावे, कारण नोंद झाल्यावर गाडी बदलून मिळणे फार कठीण जाते.