अपघातात रक्त थांबत नसेल तर: टॉवेल कुठे आणि किती दाबायचा

सोलापुरात हैदराबाद रोड असो की विजापूर रोड, अपघात झाला की कोणीतरी १०८ ला फोन लावतो आणि बाकीचे गाडीची वाट बघत उभे राहतात. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त असतं जेमतेम ५ लिटर. मोठी धमनी तुटली तर काही मिनिटांतच जीव जातो, म्हणून गाडी येईपर्यंत हात चालले पाहिजेत. टॉवेल तर सोलापुरात कुठेही सापडतो.

हातांत कॅरीबॅग चढवा. जखमेवरचा कपडा फाडा, रक्त नेमकं कुठून उसळतंय ते बघा. त्याच जागी टॉवेलची घडी ठेवून दोन्ही तळहातांनी, कोपर ताठ ठेवून, अंगाचा भार टाका. घड्याळ लावून १० मिनिटं. मध्येच उचलून बघितलं की नुकती धरलेली गुठळी टॉवेलबरोबर निघून येते. टॉवेल भिजून रक्त वाहतंच आहे? मग दाब भलत्याच जागी पडतोय. थरावर थर चढवू नका. काढा, जागा शोधा, पुन्हा दाबा. जांघेत किंवा काखेत खोल जखम असेल तर कापड तळापर्यंत कोंबून वरून दाबा. छाती-पोटात मात्र काही कोंबायचं नाही. रुतलेली सळई उपसायची नाही. हळद, चहापूड नकोच.

हातापायाचं रक्त दाबूनही थांबेना, तर जखमेच्या ५ ते ७ सेंमी वर, सांधा सोडून, ४-५ सेंमी रुंद पट्टी बांधा. गाठीत पाना किंवा काठी अडकवून रक्त थांबेपर्यंत पीळ द्या, मग काठी बांधून टाका. माणूस ओरडेल, तरी सैल करू नका. अर्धवट आवळली तर शीर बंद होते, धमनी चालूच राहते आणि रक्त उलट वाढतं. सुतळी, वायर मांसात रुतते. बांधल्याची वेळ कपाळावर पेनानं लिहा.

अंग गार, घामेजलेलं, नाडी बारीक आणि पळती, बोलणं असंबद्ध: हा शॉक, म्हणजे रक्त कमी झाल्यानं अंगाला पुरवठा अपुरा पडतोय. आडवं झोपवा. पाणी मागेल, मे महिन्यात तर हमखास. देऊ नका, उलटी श्वासनलिकेत जाते. उन्हाळ्यातही तापल्या डांबरावरून उचलून सावलीत घ्या आणि वर चादर घाला, कारण अंग थंडावलं की रक्त गोठणं मंदावतं. कमरेचं हाड मोडल्याची शंका असेल तर दुसऱ्या चादरीची वीतभर रुंद घडी पँटच्या खिशांच्या पातळीवर घट्ट आवळा. अशा वेळी पाय वर उचलू नका.

सिव्हिल हॉस्पिटलला पोचल्यावर अपघात किती वाजता झाला हे आधी सांगा. रक्तस्राव रोखणारं ट्रानेक्झामिक ॲसिड ३ तासांच्या आत दिलं तरच उपयोगी पडतं.