बायबल कोणी लिहिले, ते ईश्वरप्रेरित आहे का: अभ्यास कसा करावा

हे दोन प्रश्न आधी वेगळे करावेत. लेखकाचा शोध पुराव्यांनी घेता येतो. ईश्वरी प्रेरणेचा निर्णय मात्र केवळ पुराव्याने होत नाही, तिथे श्रद्धेचा भाग येतोच.

बायबल हा ग्रंथसंग्रह आहे. प्रोटेस्टंट परंपरेत ६६ आणि कॅथलिक परंपरेत ७३ पुस्तके आहेत. म्हणून एका वेळी एकच पुस्तक घ्यावे आणि ते स्वतःच्या लेखकाविषयी काय सांगते, हे प्रथम पाहावे. रोमकरांस पत्र हे पुस्तक पौल या आद्य ख्रिस्ती प्रचारकाचे असले, तरी सोळाव्या अध्यायात ते प्रत्यक्ष लिहिणारा तर्तिय स्वतःचा नमस्कार कळवतो. उलट, मार्कच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या जीवनकथेच्या, मजकुरात लेखकाचे नाव कुठेच नाही. ते परंपरेने जोडलेले आहे.

यानंतर यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा छत्तिसावा अध्याय सावकाश वाचावा. माझ्या मते या विषयासाठी याहून चांगला उतारा नाही. यिर्मया सांगतो, त्याचा लेखनिक बारूख शाईने लिहितो, राजा यहोयाकीम ती गुंडाळी चाकूने कापून शेगडीत जाळतो, आणि पुन्हा लिहिताना तशाच आणखी पुष्कळ वचनांची भर पडते. देवाचे वचन म्हणून मांडलेला मजकूरही माणसाच्या हातून, टप्प्याटप्प्याने तयार झाला, हे बायबलच येथे सांगते.

२ तीमथ्य (पौलाचा सहकारी तीमथ्य याला उद्देशून असलेले दुसरे पत्र) ३:१६ मधील, शास्त्रलेख ईश्वरप्रेरित आहे हा दावा आधीच्या वचनासह वाचावा. तीमथ्याला बालपणापासून माहीत असलेले पवित्र लेख म्हणजे यहुदी शास्त्र होय. तेच विधान नव्या कराराला, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ती भागाला, लागू करताना स्वतंत्र कारण द्यावे लागते.