जुन्या पिकअपचं डुलणारं स्टिअरिंग: काम काढण्याआधीची तयारी

गाडी सरळ रस्त्यावर डुलते, ड्रायव्हरला सारखं डावं-उजवं करावं लागतं, अशी तक्रार आली की पहिला पाना हमखास स्टिअरिंग बॉक्सच्या (स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणाऱ्या गिअरच्या डब्याच्या) ढिलेपणा कमी करणाऱ्या स्क्रूवर पडतो. या यादीत तो स्क्रू सगळ्यात शेवटी आहे. पुढे अखंड अ‍ॅक्सल, पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंग) आणि किंग पिन (ज्या उभ्या खिळीभोवती पुढचं चाक वळतं ती) असलेली जुनी पिकअप समोर धरून हे लिहिलं आहे.

काम काढायच्या आदल्या संध्याकाळी गाडी सपाट फरशीवर लावा, टाय रॉड (पुढची दोन चाकं जोडणारा दांडा) आणि ड्रॅग लिंकच्या (बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या) नटांवर गंज सोडवणारं तेल मारा आणि रात्रभर मुरू द्या. टायरची हवा थंड असतानाच मोजा. पुढच्या दोन टायरांत एक रेडियल आणि एक नायलॉन (वेगळ्या बांधणीचा) असेल तर आधी जोडी सारखी करा, नाहीतर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

सकाळी काहीही उघडण्याआधी प्ले, म्हणजे स्टिअरिंगचा रिकामा ढिलेपणा, मोजा. चाकं सरळ, गाडी जमिनीवर. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू. स्टिअरिंगच्या कडेवर टेपचा तुकडा चिकटवा आणि रस्त्यावरचं चाक हलायला लागेपर्यंत टेप किती सरकते ते पट्टीने बघा. 30 मिमीपर्यंत जुन्या गाडीला चालून जातं. 50 च्या वर गेलं तर कुठेतरी झीज आहे. आकडा लिहून ठेवा, काम झाल्यावर तोच पुन्हा मोजायचा आहे.

झीज शोधायला दोन माणसं लागतात. एकाने केबिनमध्ये बसून स्टिअरिंग थोडं थोडं डावीकडे-उजवीकडे हलवत राहायचं, दुसऱ्याने खाली प्रत्येक जॉइंटवर हात ठेवायचा. टाय रॉड एंडचा (दांड्याच्या टोकाच्या जॉइंटचा) गोळा सॉकेटमध्ये टकटकला तर तो हाताला आधी कळतो, डोळ्यांना नंतर. स्टिअरिंगच्या दांड्याखालचा युनिव्हर्सल जॉइंट, ड्रॉप आर्म (बॉक्समधून बाहेर येऊन ड्रॅग लिंक हलवणारा हात) आणि बॉक्सचे चॅसीवरचे बोल्ट याच फेरीत बघून घ्या. बोल्टभोवती रंग उडून गंजाची पूड दिसत असेल तर बॉक्स चॅसीवर हलतोय. चॅसीला चीर गेली आहे का, तेही बघा.

मग पुढचा अ‍ॅक्सल जॅकने उचलून घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा, मागच्या चाकांना ठोकळे लावा. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली कोणी जाऊ नये. चाक वर-खाली धरून हलवा. प्ले लागला तर मदतनीसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले गेला तर व्हील बेअरिंग ढिलं आहे, राहिला तर किंग पिन किंवा त्याचं बुश गेलं आहे.

सामान यानंतरच आणा. टाय रॉड एंड जोडीनेच बदला, नवे स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून भोकात घालायच्या दुहेरी पिना), ग्रीस आणि ग्रीस गन जवळ ठेवा. पुलर (घट्ट बसलेला भाग ओढून काढायचं अवजार) नसेल तर भाड्याने घ्या. ड्रॉप आर्म हातोड्याने ठोकून काढला की बॉक्सच्या बेअरिंगवर घाव बसतो. किंग पिन किटचं बुश दाबून बसवल्यावर रीमर मारावा लागतो (भोक नेमक्या मापाचं करावं लागतं), म्हणून लेथवाल्याची वेळ आधीच ठरवा. एंड काढताना किती फेऱ्यांत निघाला ते मोजा; नवा तेवढ्याच फेऱ्यांत बसवला तर टो-इन (पुढची चाकं पुढच्या बाजूला किंचित आत वळलेली असणं) जवळपास जागेवर राहतो. नट घट्ट झाल्यावर स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढच्या खाचेपर्यंत ताणा, मागे ढिला करू नका.

आता पाटे. तुटलेला सेंटर बोल्ट, ढिले यू बोल्ट (पाटा अ‍ॅक्सलला बांधणारे), खाल्लेले शॅकल बुश (पाट्याच्या टोकाच्या झुलत्या कडीतले), हे मागच्या अ‍ॅक्सललाही तपासा, कारण मागचा अ‍ॅक्सल सरकला की तोही गाडी वळवतो. दुसरी गोष्ट कोणी बोलत नाही: जास्त माल भरता यावा म्हणून मागे घातलेला जादा पाटा. अशी गाडी भरून बाजार समितीपर्यंत नीट जाते आणि रिकामी परतताना डुलते. किंग पिनचं वरचं टोक मागे झुकलेलं असतं, सायकलच्या फोर्कसारखं. हात सोडले तरी चाक सरळ राहतं ते त्यामुळे. पावणेतीन-तीन मीटर व्हीलबेसच्या गाडीत शेपूट 50 मिमी वर गेलं की हा झुकाव साधारण 1 अंशाने कमी होतो, आणि तो मुळात असतोच मोजक्या अंशांचा. इलाज म्हणजे जादा पाटा काढणं, नाहीतर पुढच्या पाट्याखाली योग्य बाजूने पाचर घालणं. पाचर उलटी बसली तर डुलणं वाढतं. नवा स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे हिसके शोषणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर) घालून प्ले जात नाही, फक्त काही दिवस झाकला जातो.

टो-इन कंपनीच्या आकड्यावर ठेवा. पुढच्या दोन चाकांमधलं पुढचं अंतर मागच्यापेक्षा कमी हवं, जास्त झालं की गाडी भटकते.

इतकं करूनही प्ले उरला तरच बॉक्सकडे या. चाकं सरळ ठेवा, ड्रॅग लिंक सुटी करा, लॉक नट सैल करून स्क्रू एका वेळी फेरीचा आठवा हिस्साच फिरवा आणि प्रत्येक वेळी स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा. मध्यावर जरा जरी अडकलं तर मागे घ्या. जास्त आवळलेला बॉक्स वळणानंतर स्वतःहून परत येत नाही आणि गाडी पुन्हा डुलायला लागते. लॉक नट आवळताना स्क्रू सोबत फिरू देऊ नका. पाट्यांना हात लावला असेल तर 500 किमीनंतर यू बोल्ट पुन्हा ताणा, पाचर बसवलेल्या बाजूचे आधी.