परदेशी पार्टीला भाव पाठवण्याआधी

कुवेतच्या एका पार्टीने टेरी टॉवेलचा भाव मागितलाय, कोटेशन उद्या जायचंय. मागच्या वेळी खाल्लेली ठेच आठवली म्हणून आज ही यादी उतरवून काढतोय. सोलापुरात माझ्यासारखे छोटे कारखानदार बरेच आहेत, त्यांच्याही कामी येईल.

ठेच अशी. २०१६ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडच्या एका घाऊक व्यापाऱ्याला पौंडात दरपत्रक पाठवलं. पौंड तेव्हा ९५ रुपयांच्या आसपास होता. पार्टी दोन महिने गप्प. २३ जूनला तिकडे युरोपीय संघातून बाहेर पडायचं मतदान झालं आणि एका रात्रीत पौंड कोसळला. ऑगस्टमध्ये ऑर्डर आली, माझ्याच दरपत्रकाच्या भावाने, १८ हजार पौंडांची. पैसे हातात आले ऑक्टोबरात, पौंड ८२ च्या आसपास असताना. पौंडामागे तेरा रुपये गेले, म्हणजे दोन लाख चौतीस हजार, आणि मी नफा धरला होता पौंडामागे आठ. पार्टीला नावं ठेवायला जागा नाही. भाव कधीपर्यंतचा आहे हे मी कागदावर लिहिलंच नव्हतं.

म्हणून पहिलं आणि सगळ्यात मोठं काम, मुदत. दरपत्रकावर मुदत, कोटेशनवर मुदत, प्रोफॉर्मावर (आगाऊ दिलेल्या कच्च्या बिलावर) मुदत, व्हॉट्सॲपवर सहज म्हणून सांगितलेल्या भावावरही मुदत. ‘पंधरा दिवस’ असं मोघम लिहू नका, तारीख लिहा. पंधरा दिवस कधीपासून, यावर वाद होतो.

आयईसी (आयात-निर्यातीचा नोंदणी क्रमांक), जीएसटीचं एलयूटी (कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र), बंदरावर एडी कोडची (आपल्या बँकेच्या कोडची) नोंदणी, हे झालेलं असणार. एलयूटी ३१ मार्चला संपतं, नव्या वर्षाचं भरलंय का तेवढं बघा.

आता चलन. पार्टी म्हणेल आमच्या चलनात द्या. दुबईची पार्टी असेल तर बिचकू नका. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ वर बांधलेला आहे, सौदी रियाल ३.७५ वर. तिथे दिरहमात काय नि डॉलरमध्ये काय, हलणारी बाजू फक्त रुपयाची. पौंड, युरो, येन यांची गोष्ट वेगळी, तिथे डॉलरची चाल आणि रुपयाची चाल दोन्ही अंगावर येतात. माझ्या आकाराच्या कारखान्याने डॉलरमध्येच भाव द्यावा. पार्टी अडलीच तर तिच्या चलनात द्या, पण मुदत आणखी छोटी ठेवा. डॉलरला पंधरा दिवस, तर पौंडाला आठवडा.

आकडा लिहायचा कसा, हे क्षुल्लक वाटतं, पण तसं नाही. कुवेती, बहारीनी आणि ओमानी चलनाला दशांशानंतर तीन घरं असतात, येनला एकही नाही. जर्मन माणूस आपल्या बिंदूच्या जागी स्वल्पविराम देतो, त्यामुळे १.२५० हे त्याला साडेबाराशे वाटू शकतं. आपले लाखाचे स्वल्पविराम बाहेर कुणाला कळत नाहीत, एकूण रक्कम अक्षरांतही लिहा. आणि नुसतं डॉलरचं चिन्ह नको. सिंगापूर, कॅनडा, ऑस्ट्रेलिया सगळ्यांचा डॉलरच आहे. यूएसडी असं तीन अक्षरी लिहायचं.

भाव काढताना रुपयापासून वर चढा. सूत, विणाई, डाईंग, शिलाई, पॅकिंग, न्हावा शेवा बंदरापर्यंतचं भाडं, क्लिअरिंग एजंट, बँकेचं व्याज, मग नफा. त्याला भागायचं कशाने? गूगलवरच्या दराने नाही! तो दर तुम्हाला कुणी देत नाही. बँक तुमचे डॉलर घेते टीटी बाइंग दराने, तो बाजारापेक्षा खाली असतो. किती खाली, ते तुमच्या ओळखीवर आणि रकमेवर. शाखेत न जाता थेट बँकेच्या ट्रेझरीशी, म्हणजे चलनाचे व्यवहार बघणाऱ्या विभागाशी, बोलून दर मागितला तर फरक पडतो, मी आता तेच करतो. शिपिंग बिलावरचा, म्हणजे निर्यातीसाठी कस्टमला दिलेल्या कागदावरचा, कस्टमचा दर हा तिसराच. तो कस्टमच्या मूल्यांकनापुरता असतो, त्यावर हिशेब मांडून खूश होऊ नका. मी भावात धरतो तो टीटी बाइंगमधून आणखी एक टक्का वजा करून. पार्टी घासाघीस करणारच, तेव्हा तो एक टक्का उपयोगी पडतो.

आणि हे भागाकार करून झाले की खाली काय लिहायचं? मुदत. विसरलात ना? माझंही तसंच झालं होतं, भावात इतका गुंतलो की कागद तसाच गेला.

मुदत फक्त चलनासाठी नाही. मे २०२२ मध्ये कापूस खंडीला, म्हणजे ३५६ किलोला, एक लाख रुपयांच्या वर गेला होता. त्या दिवसांत सूतवाले सकाळचा भाव संध्याकाळी देत नव्हते. तुमचा पुरवठादार तुम्हाला दोन दिवसांची मुदत देतो आणि तुम्ही कुवेतला महिनाभराची देता, मग मधले दिवस कुणाच्या खिशातून? माझ्या कोटेशनवर आता असं असतं: ‘हा भाव अमुक तारखेपर्यंत. त्या तारखेच्या आत लेखी ऑर्डर आणि तीस टक्के ॲडव्हान्स, दोन्ही आमच्याकडे पोहोचले तरच लागू. त्यानंतर नवा भाव.’ ‘दोन्ही’ हा शब्द महत्त्वाचा. ऑर्डर पाठवून भाव अडकवून ठेवायचा आणि ॲडव्हान्स दीड महिन्याने द्यायचा, हेही होतं. पौंड-युरो असेल तर आणखी एक ओळ घाला: कोटेशनच्या दिवसापेक्षा दर तीन टक्क्यांहून जास्त हलला तर उरलेल्या रकमेचा भाव पुन्हा ठरेल. मोठ्या पार्ट्या ही ओळ खोडतात. खोडू द्या, पण मुदतीची ओळ खोडू देऊ नका.

भाव कुठपर्यंतचा, तेही लिहा. ‘एफओबी सोलापूर’ असा कागद मी पाहिलाय. एफओबी म्हणजे जहाजावर माल चढेपर्यंतचा खर्च आपला, त्याला बंदर लागतं, सोलापुरात समुद्र कुठला? एफओबी न्हावा शेवा लिहा. सीआयएफ, म्हणजे जहाजाचं भाडं आणि विमा धरून भाव, मागितला तर भाडं वेगळ्या ओळीत आणि त्याची मुदत वेगळी. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि युरोपचं भाडं भडकलं. डीडीपी, म्हणजे तिथली ड्युटीही आपण भरायची, या भानगडीत पडूच नका. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावरचा कर ५० टक्क्यांवर नेला. डीडीपीवर भाव दिलेल्यांनी तो कुठून भरायचा?

जास्त मालाला कमी भाव द्यायचा तर किलो किंवा डझनाच्या टप्प्यांवर द्या, रकमेच्या नाही, नाहीतर चलन हललं की टप्पाही हलतो. दुबई आणि मस्कतच्या पार्ट्या एकमेकांशी बोलतात, एकच माल दोन चलनांत दोन भावांना दिसला तर फोन येतो. मूळ यादी एकच, डॉलरची, बाकी तिच्यातून काढायच्या, आणि प्रत्येकीवर तीच मुदत.

फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या तारखेचा दर बँकेशी आजच ठरवून ठेवणं: पक्की ऑर्डर हातात असेल तरच बँकेत बुक करा. ऑर्डर फिस्कटली आणि फॉरवर्ड रद्द करताना तोटा झाला तर तो तुम्हालाच भरावा लागतो. ईईएफसी, म्हणजे निर्यातदाराच्या परकी चलनाच्या खात्यात डॉलर ठेवता येतात, पण व्याज नाही आणि पुढच्या महिनाअखेरीपर्यंत रुपयात बदलावे लागतात. दर वाढेल म्हणून वाट बघत बसायला ती जागा नाही.

बँकेचे चार्जेस कुणाचे, ते लिहा. ‘सगळे पाठवणाऱ्याकडे’ असं नसेल तर मधली बँक वीस-पंचवीस डॉलर कापते, लहान सॅम्पलच्या बिलात ते लागतं. पैसे आले की शिपिंग बिलाशी जुळवा, ई-बीआरसी (पैसे बँकेत आल्याचा दाखला) काढा. उधारी असेल तर ईसीजीसीचा, म्हणजे सरकारी निर्यात पत विमा कंपनीचा, विमा. बँक खातं बदलल्याचा मेल आला तर फसवणूक असू शकते, आधी फोन करून खात्री करा. ओरिजिन सर्टिफिकेट वगैरे एजंट बघतो.

कुवेतचं कोटेशन तयार झालंय, डॉलरमध्ये, एफओबी न्हावा शेवा, साडेचारशे जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम), दोन साइज. मुदतीची तारीख पोराला लाल अक्षरात टाकायला सांगितली आहे. पाठवण्याआधी प्रिंट काढून मीच बघणार.