पट्ट्याला अडकवायचा चामडी पाऊच: हाताने शिवण्याची रीत

कापडाची शिवण उसवून पुन्हा घालता येते आणि लाकडातील चूक लांबी (पुट्टी) भरून झाकता येते, पण चामड्यात एकदा पडलेले भोक कायमचे राहते. त्यामुळे हा छोटासा पाऊच करताना निम्मा वेळ चामड्याला हात न लावताच जातो, आणि तो तसा जाऊ द्यावा. कमरेला पैशांचा कसा बांधण्याची किंवा चंची खोचण्याची सवय आपल्याकडे जुनीच आहे. येथे वर्णन केलेला पाऊच मात्र खिशात बोचणाऱ्या अवजारासाठी, म्हणजे पकड, सुरी आणि पेचकस एकत्र असलेल्या घडीच्या मल्टिटूलसाठी आहे. मिटवल्यावर ते १०० मिलिमीटर लांब, ३५ रुंद आणि १५ जाड भरते असे धरून पुढील मापे दिली आहेत. आपले अवजार वेगळे असेल तर त्या प्रमाणात ती बदलावीत.

सर्वांत आधी चामड्याचा विचार करावा लागतो. बाजारातील बहुतेक चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. ते मऊ असते आणि पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण ओले करून दिलेला आकार धरून ठेवत नाही आणि त्याची कड घासून गुळगुळीत होत नाही. आपल्याला हवे ते झाडाच्या सालीत कमावलेले. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, ते याच जातीचे. दुकानात ओळख पटवायची असेल तर कापलेली कड पाहावी: क्रोमच्या चामड्याचा गाभा बहुधा निळसर-करडा दिसतो, तर सालीच्या चामड्याचा तपकिरी असतो आणि त्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो लगेच शोषला जाऊन डाग गडद होतो. मुंबईत धारावीतील दुकानांतून चामडे चौरस फुटावर मिळते. एक पाऊच करायला दीड फूट पुरेसे होते आणि पहिल्या प्रयत्नासाठी तुकडेताकडे घेतले तरी चालतात. जाडी २ मिलिमीटर असावी. पाठीच्या भागातील चामडे घट्ट असते, पोटाकडचे सैल असते आणि ताणते. पोटाकडचा तुकडा स्वस्त दिला तरी पट्ट्याच्या पकडीसाठी तो घेऊ नये.

अवजारे थोडीच लागतात. रापी, म्हणजे चामडे कापायची सुरी, चालवण्याचा सराव नसेल तर नव्या पात्याचा कटर आणि पोलादी पट्टी घ्यावी. भोकांसाठी चार दातांची, दातांमध्ये ४ मिलिमीटर अंतर असलेली छिन्नी घ्यावी, जिला दुकानदार स्टिचिंग चिझल म्हणतात, आणि ती ठोकायला लाकडी किंवा नायलॉनचा हातोडा घ्यावा. यांशिवाय बोथट टोकाच्या दोन सुया, ०.८ मिलिमीटर जाडीचा मेण लावलेला दोरा, चामडे चिकटवायचे सोल्युशन, पॉलिश पेपर आणि टिचबटणाचा संच लागतो. रस्त्याच्या कडेला पादत्राणे शिवणाऱ्या कारागिराच्या आरीला टोकाशी खाच असते, तिने दोऱ्याचा फास वर ओढला जातो. तो टाका वेगळा आहे. आपल्याला खाच नसलेली साधी आरी हवी, तीही केवळ अडलेले भोक मोकळे करण्यासाठी.

आता जाड पुठ्ठ्यावर आकार काढावा. मागचा तुकडा ६० मिलिमीटर रुंद आणि १८५ लांब असतो. त्यात खालची कड, अवजाराची उंची, वरचे वळण आणि पुढे येणारे झाकण हे सगळे एकाच पट्टीत येते. पट्ट्याची पकड म्हणजे ३० मिलिमीटर रुंद आणि ८० लांब अशी उभी पट्टी. जीनवरचा पट्टा बहुधा ३८ ते ४० मिलिमीटर रुंद असतो, म्हणून पकडीचा मधला ५० मिलिमीटर भाग मोकळा सोडून वरची व खालची १५ मिलिमीटर शिवायची. पुठ्ठ्याचा पाऊच चिकटपट्टीने जोडून, आत अवजार घालून, पट्ट्यात ओवून खुर्चीवर बसून पाहावे. बरगडीला किंवा मांडीला टोचतो की नाही हे उभ्याने कळत नाही.

पुढचा तुकडा मात्र आधी मापाला कापायचा नाही. त्याला ओल्या साच्यावर पेटीसारखा फुगीर आकार द्यायचा असतो, म्हणून तो चहूबाजूंनी तीन-चार सेंटिमीटर मोठा ठेवावा. अवजारापेक्षा दोन मिलिमीटर मोठा लाकडी ठोकळा घेऊन त्याच्या वरच्या कडा गोलसर घासाव्यात. मग १२ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडमध्ये ठोकळ्याच्या रुंदीपेक्षा ४ मिलिमीटर जास्त, म्हणजे दोन्ही बाजूंना चामड्याच्या जाडीएवढी जागा सोडून, इंग्रजी यू अक्षरासारखी खाच कापावी. तिची उघडी बाजू पाऊचच्या तोंडाकडे येते. चामडे कोमट पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावे, बाहेर काढून वरचा ओलेपणा जाऊ द्यावा, ठोकळ्यावर पसरावे आणि वरून खाचेची फळी शिकंज्यांनी दाबत न्यावी. कोपऱ्यांत पडणाऱ्या सुरकुत्या बोटाने किंवा चमच्याच्या पाठीने त्याच वेळी दाबून काढाव्यात. ओल्या चामड्याला उघडे लोखंड लागू देऊ नये: सालीतील टॅनिन आणि लोखंड मिळून काळा-निळा डाग पडतो, हिरड्याच्या काढ्यात लोखंड मिसळून शाई होते तसाच, आणि तो घासून जात नाही. त्यामुळे अवजारच साचा म्हणून वापरायचा मोह झाला तर ते आधी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावे. वाळायला सावलीत पूर्ण एक दिवस द्यावा. हेअर ड्रायरने घाई केली की चामडे ठिसूळ होते.

वाळल्यावर फुगवट्याभोवती ९ मिलिमीटरची सपाट कड ठेवून जादा भाग कापावा आणि तोंडाची कड सरळ करावी. येथे क्रम फार महत्त्वाचा आहे. पाऊच बंद झाल्यावर आत हातोडाही जात नाही आणि सुईही वळत नाही, म्हणून पट्ट्याची पकड मागच्या तुकड्यावर आणि टिचबटणाचा खालचा भाग पुढच्या तुकड्यावर आधीच बसला पाहिजे. माझा पहिला पाऊच तिन्ही बाजूंनी सुबक शिवून झाला तेव्हा पकड टेबलावरच पडलेली होती. तो पाऊच अजून ड्रॉवरमध्ये पेन्सिलींसाठी आहे. टिचबटणाचा वरचा भाग मात्र सर्वांत शेवटी, आत अवजार घालून आणि झाकण ओढून जागा ठरवल्यावर बसवावा.

दोन्ही तुकड्यांच्या कडेला पाच-सहा मिलिमीटर रुंद सोल्युशन लावून, ते बोटाला चिकटेनासे झाले की दाबून जोडावे. गुळगुळीत पृष्ठावर सोल्युशन धरत नाही, म्हणून पकडीखालची जागा आधी पॉलिश पेपरने खरवडावी. नंतर कडेपासून ४ मिलिमीटरवर कर्कटकाने हलकी रेघ ओढून त्यावर छिन्नी उभी धरून ठोकावी. प्रत्येक वेळी तिचा पहिला दात आधीच्या शेवटच्या भोकात ठेवला की अंतर चुकत नाही. छिन्नी तिरकी झाली तर पुढून सरळ दिसणारी भोके मागून नागमोडी निघतात.

शिवण्यासाठी वापरायचा टाका खोगीर शिवणाऱ्यांचा आहे आणि सॅडल स्टिच या नावाने तो सर्वत्र ओळखला जातो. एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया असतात आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया विरुद्ध दिशांनी जातात. यंत्राच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन दोरे केवळ एकमेकांत अडकलेले असतात, म्हणून एक तुटला की शिवण उसवत जाते. येथे दोऱ्याची एक बाजू झिजली तरी दुसरी तीच भोके धरून ठेवते. आपली शिवण सुमारे २७ सेंटिमीटर भरते. तिच्या चौपट, शिवाय सुयांसाठी थोडा जादा, असा सव्वा मीटर दोरा घ्यावा. पहिल्या भोकातून दोरा अर्धा काढून दोन्ही बाजू समान कराव्यात. डाव्या हातातील सुई आधी घालावी, तिचा दोरा किंचित मागे ओढून धरावा आणि मग उजवी सुई त्याच भोकात नेहमी एकाच बाजूने, समजा खालून, घालावी. कधी वरून, कधी खालून घातली की टाक्यांचा तिरका कल बिघडतो. दोरा मागे ओढून धरण्याचे कारण असे, की नाहीतर दुसरी सुई पहिल्या दोऱ्यालाच भोसकते आणि टाका आवळला जात नाही. तोंडाशी सर्वाधिक ताण येत असल्यामुळे तेथील पहिली दोन भोके दुहेरी शिवावीत, शेवटी तीन टाके मागे यावे, आणि पॉलिएस्टर दोरा दोन मिलिमीटर ठेवून कापून टोक लायटरने वितळवून दाबावे.

कडा पॉलिश पेपरने समपातळीत आणून, डिंकाच्या पातळ पाण्याने ओलसर करून जाड डेनिमच्या तुकड्याने जोरात घासाव्यात; काही मिनिटांतच दोन थरांच्या जागी एकच चकचकीत रेघ दिसू लागते. मग मधमाशीच्या मेणाचा पातळ हात द्यावा. तेल जपून वापरावे, कारण जास्त तेलाने साच्यात मिळालेला ताठपणा जातो आणि पितळी बटणाभोवती हिरवा चिकट थर जमतो.

नवा पाऊच सुरुवातीला अवजाराला घट्ट बसेल. तो ताणून सैल करू नये. आठवडाभर वापरला की अवजार सहज सरकू लागते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, सालीच्या चामड्यावर पांढरी बुरशी धरते. ती कोरड्या फडक्याने घराबाहेर पुसावी, पाऊच वाऱ्यावर ठेवावा आणि तो प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मात्र कधीही ठेवू नये.