वाडीचा इतिहास लिहायचा तर मूळ गाव धरा

बेळगावकडच्या वीस-पंचवीस उंबऱ्यांच्या वाडीचे नाव सरकारी दप्तरात शोधत बसाल तर हाती फारसे लागत नाही. वाडी बहुधा मजरे, म्हणजे मूळ गावाला जोडलेली वस्ती असते आणि तिची शेते मूळ गावच्या सर्व्हे नंबरांत असतात. म्हणून आधी उतारा काढून मूळ गाव नक्की करा. गफलत इथेच होते. कंग्राळी बी.के. (बुद्रुक) आणि के.एच. (खुर्द) यांसारखी जोडगावे असली आणि बुद्रुकचा कागद खुर्दला चिकटला, की पुढचे सगळे फसते.

आता नंबर धरून मागे चला. बेळगाव जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 ला म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळे एकाच शेताचे जुने कागद मोडीत, मधले बाळबोध मराठीत आणि अलीकडचे कानडीत मिळू शकतात. आडनावांवर विसंबू नका, लिपी बदलताना त्यांची रूपे बदलतात. नंबर सहसा टिकतो, फक्त हिस्से पडतात: 42 चे 42/1, 42/2. कागदावर ‘आर.एस.’ असेल तर तो फेरमोजणीचा नंबर. जुन्या नंबराशी ताळा करा. हिश्श्यांची बेरीज आकारबंदाच्या, म्हणजे प्रत्येक नंबराचे क्षेत्र आणि सारा दाखवणाऱ्या सरकारी पत्रकाच्या क्षेत्राशी जुळवा, 40 गुंठ्यांचा एकर धरून. जुळली नाही तर एखादा हिस्सा सुटलाय किंवा पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) धरायचा राहिलाय. वारसाच्या नोंदी तारखेने लावल्या की घराणी कधी विभागली ते दिसते.

खरा खजिना मात्र कुळांच्या कागदांत आहे. कर्नाटकच्या जमीन सुधारणा कायद्यातल्या 1974 च्या दुरुस्तीनंतर कुळांनी फॉर्म नंबर 7 भरून लँड ट्रिब्युनलकडे अर्ज केले. जमीन कुणाची, कसत कोण होते, हे त्या निकालांत वाचायला मिळते. गावकीच्या गप्पांत ही बाजू सहसा येत नाही.

तारखा इसवी सनात बदलताना शकात 78 मिळवा, जानेवारी ते गुढीपाडव्यापर्यंत 79. फसलीत, म्हणजे जुन्या महसुली वर्षात, जून ते डिसेंबरसाठी 590, जानेवारी ते मे 591.

म्हाताऱ्यांना ‘किती साली?’ विचारू नका, गोल आकडा मिळेल. ‘बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर?’ असे विचारा. शिवारातल्या प्रत्येक तुकड्याचे बोलीतले नाव नकाशाच्या प्रतीवर लिहून घ्या. घराण्यांच्या वंशावळी सांगणारे हेळवी आले तर त्यांच्या चोपडीतली नावे उतरवा, पण कागदाशी जुळेपर्यंत ती पेन्सिलीनेच.