शेवग्याच्या पाल्याची पूड: हिरवीगार हवी तर अशी करा

शेवग्याचे झाड मुळापासून शेंड्यापर्यंत औषधी आहे म्हणून काहीही तोडून वाळवायचे नसते. ‘क’ जीवनसत्त्व हवे तर शेंगा खा. 100 ग्रॅम कच्च्या शेंगांत ते 120 ते 140 मिलिग्रॅम असते, पण पाण्यात उतरते. म्हणून शेंगा उकडून पाणी ओतू नका, आमटीतच शिजवा. फुले भाजीला, बिया तेलाला. क्वेर्सेटिन, क्लोरोजेनिक आम्ल यांसारखी अँटिऑक्सिडंट द्रव्ये, प्रथिने आणि कॅल्शियम यांचा खरा साठा पाल्यात. मुळे आणि साल मात्र पोटात घेऊ नका. त्यांत विषारी अल्कलॉइड असतात आणि गरोदर बाईने तर त्यांच्या वाटेलाच जाऊ नये.

डहाळ्या सकाळी तोडा, अख्ख्याच धुवा, झटका.

आता वाळवणे. सगळी पूड बिघडते ती इथेच, आणि मीही इथेच बराच काळ अडकले होते. ‘गच्चीवर कडक उन्हात घाला’ हा सल्ला देणाऱ्याने स्वतःची पूड कधी बघितलेली नसावी. उन्हाने बीटा-कॅरोटीन (ज्यापासून शरीरात ‘अ’ जीवनसत्त्व बनते) उडते आणि पाला खाकी होतो. सावली हवी, पण सावली म्हणजे कोंदट खोलीही नव्हे. सुती कापडावर एकच थर पसरा, वर पंखा सोडा, दिवसातून दोनदा हलवा. ओला पाला रात्री गोळा करून ठेवलात तर ढीग आतून तापतो, सकाळी पाने काळी दिसतात. पावसाळ्यात या भानगडीत पडूच नका. गोकुळाष्टमीला शेगलाची, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची, भाजी आणि आंबोळ्या करा, पूड थंडीत.

पान चुरचुरले की झाले, असे समजू नका. पान आधी वाळते, देठ मागे राहतो. देठ वाकवून बघा: लवला तर अजून ओल आहे, कट्‌कन मोडला तर तयार. ओल्या देठासकट दळलेली पूड बरणीत गोळे धरते, मग बुरशी. मी देठ चाळून टाकूनच देते.

मिक्सरला थोडे थोडे फिरवा, गार होऊ द्या, काचेच्या बरणीत भरून अंधारात ठेवा. 1 किलो निवडलेल्या पानांची जेमतेम पाव किलो होते.

पाकिटांवरच्या ‘दुधाच्या कैक पट कॅल्शियम’वर जाऊ नका. 100 ग्रॅम पुडीत ते सुमारे 2000 मिलिग्रॅम असते खरे, पण 100 ग्रॅम खातो कोण? चमचाभर, म्हणजे 3 ग्रॅम पुडीतून 60 मिलिग्रॅम मिळते, अर्धी वाटी दुधाइतके. ‘क’ जीवनसत्त्वाची तर पुडीकडून आशाच धरू नका, ते वाळतानाच बहुतेक जाते.

पूड थालीपिठाच्या पिठात मळा किंवा गॅस बंद केल्यावर वरणात घाला. पाल्यात ‘के’ जीवनसत्त्वही भरपूर, म्हणून रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन हे औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही.